दादाने तपासलेलं कुंकू

सुलभावहिनींचा फोन आला तेव्हा मी भाजणीसाठी धणे निवडत होते. "शालन, तुझा दादा गेला गं... सकाळी चहा घेतला, पेपर मागितला, आणि मी पेपर हातात देईपर्यंत सगळं संपलं," एवढंच त्या म्हणाल्या. अशा वेळी माणसाने रडावं, निदान कधी नेणार, कोण कोण आलंय असं काहीतरी विचारावं. मी काय केलं, तर धण्याचा हात तसाच कपाळावर नेला आणि मनात म्हटलं, आता मी कुणाला विचारू? भाऊ गेल्याचं दुःख मागाहून आलं, आणि चांगलं जोरात आलं. पण आधी आला तो हा प्रश्न. याची मला लाज वाटते, पण जे झालं ते झालं.

प्रश्न साधा आहे. माझ्या कपाळावर, दोन भुवयांच्या जरा वर, चार आण्याच्या नाण्याएवढा पांढरा डाग आहे. तो कुंकवाने पडला की ते कोड आहे, हे दादाला ठाऊक होतं. निदान तसं त्याने चारचौघांत छातीठोकपणे सांगितलं होतं आणि त्याच्या त्या शब्दावर माझं लग्न झालं. मला मात्र त्याच्या शब्दाची कधीच पुरती खात्री वाटली नाही. खोटं बोलतोय असंही म्हणता येईना. हा गोंधळ मी आयुष्यभर पदरात बांधून फिरले. आज त्याला जाऊन महिना होऊन गेला, आणि गोंधळ कमी होण्याऐवजी दुप्पट झाला आहे.

दादा म्हणजे माझा सख्खा चुलतभाऊ. नाव भिकाजी. आमचं गाव गुंजवण्याच्या अलीकडे, राजगडाच्या पायथ्याला, मोजक्या घरांची वाडी. भात, नाचणी आणि पाऊस एवढंच तिथे पिकायचं. चुलत्यांची दोन मुलं जगली नव्हती, म्हणून तिसऱ्याचं नाव भिकाजी ठेवून दृष्ट काढली, आणि हा पठ्ठ्या इतका जगला की शाळेत पहिला येऊन, भोरला हायस्कुलात राहून, पुढे पुण्याला कॉलेजात रसायनशास्त्र शिकला. पुण्यात त्याला एका प्रयोगशाळेत नोकरी लागली तेव्हा वाडीत कुणालाच कळेना की हा नेमकं करतो काय. तलाठी कळतो, मास्तर कळतो, कंडक्टर कळतो. याच्याकडे मुंबई-पुण्याच्या कारखान्यांतून स्नो, पावडरी, काजळ, नखांचे रंग यायचे आणि त्यात काय काय मिसळलं आहे ते हा शोधून काढायचा. गावाने त्याचं नाव ठेवलं पावडरमास्तर.

सुट्टीला आला की ओट्यावर मंडळी जमत. दादा गावात आला की गावासारखंच बोलायचा, पुण्याची भाषा तो मार्गासनीच्या स्टॉपवर उतरवून ठेवी. "आमी पावडर जाळतो," तो सांगायचा. "कोळशाच्या वाटीत चिमूटभर घालायची, इजेचा जाळ लावायचा. परत्येक धातूचा उजेड येगळा असतो बघा. तो काचेतनं पाठवला की फोटोच्या पट्टीवर रेघा उमटत्यात. शिशाची रेघ शिशाच्याच जागी येणार, पाऱ्याची पाऱ्याच्या. लबाडी चालत न्हाई." समोरच्या घरातल्या हौसाबाईंनी हे सगळं हनुवटीला बोट लावून ऐकलं आणि विचारलं, "अन् माणूस जाळल्यावर कशाची रेघ येती रं?" तो नुसता हसला. दुसरंही एक यंत्र होतं. त्यात जाळायचं काही नसे. वस्तू एका खारात घोटून तिची चकती करायची, तिच्यातून न दिसणारा उजेड सोडायचा, मग कागदावर आपोआप डोंगर-दऱ्या उमटायच्या, आणि त्यावरून रंग कुठला, तेल कुठलं ते ओळखायचं. या रेघांचे आणि डोंगरांचे आकडे मग कॉम्प्युटरला घालायचे. कॉम्प्युटर दुसऱ्याच एका संस्थेत, एका गार खोलीत ठेवलेला. सायकलवरून भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा तिकडे नेऊन द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी हातभर रुंद कागद घेऊन यायचा. हा शेवटचा भाग सांगताना दादाचा आवाज देवळात बोलतात तसा खाली यायचा.

माझी सुपारी फुटली ती माघात. मुलगा आंबवड्याचा, कापूरहोळला एका गॅरेजात ट्रकांची इंजिनं खोलायचा. मी त्याला एकदाच पाहिलं होतं, तेही मान खाली घालून, त्यामुळे खरं म्हणजे त्याचे पायच पाहिले होते. नखांत काळं ऑइल होतं. मला ते आवडलं, का ते विचारू नका. फाल्गुनात माझ्या कपाळाला खाज सुटली. मग कातडी लाल झाली, मग सोललं, आणि खालून जी कातडी आली ती पांढरी आली, मसुरीएवढी. आईने पाहिलं आणि दार लावून घेतलं. कोड हा शब्द तिने तोंडातून काढला नाही. तिने काय केलं, तर माझं कुंकू थोडं मोठं केलं. डाग झाकला गेला. पंधरवड्याने डाग कुंकवाच्या कडेने डोकावायला लागला. आईने कुंकू आणखी मोठं केलं. असं करता करता चैत्रात माझ्या कपाळावर बंद्या रुपयाएवढं कुंकू आलं आणि विहिरीवरच्या बायका म्हणायला लागल्या, "शालनला लगीन लईच मानवलंय, अजून व्हायचं हाय तर ही तऱ्हा!" आम्ही मायलेकी हसून साजरं करत होतो आणि घरी आल्यावर एकमेकींकडे पाहत नव्हतो.

दादा वैशाखात आला. त्याने ओट्यावरूनच ते भलंमोठं कुंकू पाहिलं, मला आत नेलं आणि ओल्या फडक्याने कपाळ पुसलं. मग आईला म्हणाला, "काकी, कुंकू बंद करा हिचं. मला वाटतंय हे कुंकवातल्या रंगानं झालंय. कारखान्यातनं आलेलं असलं कुंकू बघितलंय मी, हळदीचा पत्ता नसतो त्यात, कापडाचा रंग असतो. वाईच नमुना द्या, मी मशीनला लावतो." आईच्या जिवात जीव आला. ती आत गेली आणि स्वच्छ धुतलेल्या बाटलीत कुंकू भरून, वर फडकं बांधून, बाटलीला नमस्कार करून तिने ती दादाच्या हातात दिली. त्या दिवशी तिने दादाला पुरणपोळी करून घातली.

ज्येष्ठात दादा निकाल घेऊन आला. चेहरा बरा नव्हता. आई म्हणाली, "काय निघालं रं?" दादा म्हणाला, "काकी, काहीच निघालं न्हाई. हळद, टाकणखार, लिंबू. शिसं न्हाई, पारा न्हाई, रंग न्हाई. कॉम्प्युटरनं दुसऱ्या नमुन्यांबरोबर ताडून बघितलं. पुण्याच्या बाजारातलं एक बी कुंकू इतकं शुद्ध न्हाई." आईचा चेहरा आधी फुलला. खरंच फुलला, मी पाहिला आहे. कुणी आपल्या हातच्या लोणच्याची तारीफ करावी तशी ती लाजली. आणि मग हळूहळू तिच्या ध्यानात आलं की कुंकू जर इतकं चांगलं आहे, तर डाग कुंकवाचा नाही. ती चुलीपाशी जाऊन बसली ती उठेचना. दुसऱ्या दिवशी तिने माझा करंडा घेतला, गुंजवणी नदीवर गेली आणि आतलं होतं नव्हतं ते कुंकू पाण्यात सोडून देवीची माफी मागून आली. कसली माफी, तिचं तिलाच ठाऊक.

आषाढात दादा मला कातडीच्या डॉक्टरांना दाखवायला पुण्याला घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, कोड असू शकेल, नसूही शकेल, कधी ते पसरतं, कधी एकाच जागी थांबतं, थोडं थांबून पाहू. थांबायला आमच्याकडे वेळ कुठे होता? कुणीतरी आंबवड्याला चुगली पोचवली होती आणि श्रावणात पाहुणे विचारायला येणार होते. एस.टी.ला अवकाश होता म्हणून दादाने मला त्याची प्रयोगशाळा दाखवली. तिथे एक चष्मेवाल्या, दोन वेण्या घातलेल्या बाई कार्डांना भोकं पाडत बसल्या होत्या. त्यांनी मला पेपरमिंट दिली. याच पुढे आमच्या सुलभावहिनी झाल्या. दादाने काचेच्या पट्ट्या उजेडाला धरून मला रेघा दाखवल्या. मला त्या पाऊस पडल्यासारख्या दिसल्या, कुठली कशाची ते काही कळलं नाही. मग त्याने कपाटातून एक छोटी बाटली काढली. तिच्यावर चिठ्ठी होती, शालन. "हे तुझं कुंकू, तळाला उरलंय थोडं," तो म्हणाला.

मी म्हटलं, "हे माझं कुठलं? हे देवीचं आहे."

दादाला आधी कळेना. मी सांगितलं, माझं कुंकू लालभडक, गुलाबीकडे झुकणारं, नसरापूरच्या बाजारात कासाराकडून आणलेलं. हे विटकरी कुंकू आई दर वर्षी नवरात्राच्या आधी घरी करते. हळदीला टाकणखार आणि लिंबाचा रस लावून सावलीत वाळवते, ते फक्त देवीला. आम्ही ते लावत नाही. दादा स्टुलावर बसला आणि डोकं धरून इतका हसला की त्या वेण्यावाल्या बाई भोकं पाडायच्या थांबल्या. मीही हसले. फाल्गुनापासून पहिल्यांदा मला हसू आलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, म्हणतात ना, तसं झालं. एवढी यंत्रं, एवढी कार्डं, एवढा थोरला कॉम्प्युटर, आणि तपासलं काय, तर देवीचं कुंकू!

घरी येऊन दादाने आईला विचारलं, "काकी, मी शालीचं कुंकू मागितलं व्हतं. देवीचं का दिलं?" आईला प्रश्नच विचित्र वाटला. "मग काय रोजचं द्यायचं?" ती म्हणाली. "पुण्याला चाललं व्हतं ते, साहेबलोकांत. पावण्याम्होरं आपण फुटकी ताटली ठिवतो का?" दादाने करंडा मागितला. तो धुतलेला नव्हता, पण मोकळा होता. कडेच्या खाचेत आणि झाकणाच्या आतल्या बाजूला जे चिकटलं होतं ते दादाने दाभणाने खरवडून कागदावर घेतलं. चिमूटही भरली नाही. कासाराकडे गेलो तर त्याचा तो माल संपला होता आणि नवीन दुसरीकडून आला होता. दादा ती पुडी शर्टाच्या आतल्या खिशात घालून परत गेला आणि जाताना मला म्हणाला, "शाले, ह्या टायमाला खरं काय ते कळंल." हे शब्द मला नीट आठवतात, कारण पुढे सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

श्रावणात पाहुणे आले. मुलाचे वडील, आई, दोन भावकीतले, आणि मुलगा स्वतः. अशा बैठकीला मुलाने यायची रीत नाही, पण हा आला आणि दाराशी उकिडवा बसला. मी आत, कपाळ मोकळं, कान बाहेर. मुलाचे वडील सरळच म्हणाले, "आमी भांडायला आलो न्हाई. कोड हाय का न्हाई, एवढं सांगा. असलं तर तुमची लेक तुमच्या घरी, आमचं लेकरू आमच्या घरी, कुणी कुणाला नावं ठिवायची न्हाईत." आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दादाकडे पाहिलं. तेवढ्यात दादा पुढे झाला. त्याने पिशवीतून तो रुंद कागद काढला, दोन्ही कडांना भोकं असलेला, घडीघडीचा, आणि घोंगडीवर उलगडला. तो इतका लांब होता की भावकीतल्या एकाला पाय वर घ्यावे लागले. सगळा कागद आकड्यांनी भरलेला. दादा म्हणाला, "हे कुंकू मी तपासलंय. त्यात कापडाचा रंग निघालाय. त्यानं कातडी जळली. कोड न्हाई. हे मी म्हणत न्हाई, मशीन म्हणतंय." मुलाच्या वडिलांनी कागदावरून हात फिरवला, आणि उगाच पाय लागू नये म्हणून त्याची एक कड नीट सरळ केली. मग म्हणाले, "मशीनला काय पडलंय खोटं बोलायचं!"

वाटलं, सुटलो. पण मुलाची आई गप्प बसणारी नव्हती. पुढे सासूबाई म्हणून मला तिचा चांगलाच अनुभव आला, आणि मायाही मिळाली, दोन्ही सांगायला हवं. ती म्हणाली, "मशीनचं खरं धरलं. मग म्होरं काय? कुंकू लावायचं का न्हाई हिनं?" दादा म्हणाला, "न्हाई. कंदीच न्हाई. रंग पुन्यांदा लागला तर डाग वाढंल." बाई उसळल्या. "सवाशीण माझ्या घरात मोकळ्या कपाळानं फिरणार? माझं लेकरू जितं असताना?" आगीतून निघून फुफाट्यात पडलो. कोड असेल तर लग्न नाही, आणि कोड नसेल तर कुंकू नाही, आणि कुंकू नाही तर पुन्हा लग्न नाही. मी आत जात्याला टेकून उभी होते आणि मला खरंच समजेना की यातलं मला काय व्हायला हवं आहे. तेवढ्यात दाराशी बसलेला तो मुलगा बोलला. "मी जिता हाय ते मला म्हाईत हाय, आये. कुंकवाला कशाला इचारायचं?" मग कुणीतरी हसलं. तुळशीच्या लग्नानंतर आमचं लग्न झालं. माझ्या कपाळावर फक्त हळद लावली, आणि सासूबाईंनी तडजोड काढली की कुंकू कपाळाला नको, पण रोज सकाळी मंगळसूत्राच्या वाट्यांना लावायचं. ते मी लावत आले. नियम तिचा, आणि पथ्य दादाचं.

पुढे आम्ही भोरला बिऱ्हाड केलं. मी बालवाडी काढली. पोरं विचारायची, बाई, तुम्ही कुंकू का नाही लावत, आणि त्यांच्या आया न विचारता बघायच्या. नवीन ठिकाणी गेले की बायकांची नजर आधी कपाळावर, मग मंगळसूत्रावर, मग परत कपाळावर अशी तीन खेपा मारायची. डाग वाढला नाही. गेलाही नाही. आणि इथेच माझं डोकं चालेनासं होतं. कोड असतं तर पसरलं असतं, म्हणजे ते कुंकवाचंच. पण डॉक्टर तर म्हणाले होते की कोड कधी एकाच जागी थांबतं. कुंकवाचं असतं तर इतक्या वर्षांत भरून यायला हवं होतं, पण दादा म्हणायचा की काही रंग कातडीचं कामच कायमचं बंद पाडतात. मी त्याला कितीदा खोदून विचारलं, "दादा, खरं सांग, काय निघालं होतं त्यात?" तर तो म्हणायचा, "सांगितलं न्हाई का? रंग." "कुठला रंग?" "तांबडा," म्हणायचा आणि हसायचा. मी चिडायचे. एरवी याच माणसाला साधी पावडर विचारली तर तासभर बोलायचा. कुणाच्या घरी गेला की खिडकीशी जाऊन तेलाची बाटली उजेडाला धरणार, काजळाची डबी हुंगणार. वहिनींना लग्नानंतर त्याने वर्षभर लिपस्टिक घेऊ दिली नाही, प्रत्येकीत काहीतरी निघायचं. आणि माझ्या कपाळाची गोष्ट आली की एक शब्द, तांबडा.

तेराव्याला गर्दी होती, म्हणून मी नंतर एकदा सवडीने वहिनींकडे पुण्याला गेले. त्यांनी कुंकू लावलेलं नव्हतं. आम्ही दोघी सोफ्यावर शेजारी शेजारी बसलो, दोघींची कपाळं मोकळी. मी त्यांना विचारलं. मला वाटलं, निदान त्यांना तरी माहीत असेल. त्या पदराच्या काठाशी खेळत म्हणाल्या, "शालन, ते कुंकू तपासून झालंच नाही गं."

मला कळलं नाही. वहिनींनी समजावून सांगितलं. चिमूटही नव्हती, म्हणून अर्धी जाळायची आणि अर्धी चकतीत घालायची असं दादाने ठरवलं होतं. मग त्याला धाकधूक वाटली, रंगच शोधायचा आहे तर सगळी चकतीतच घालू. तो खार मिठासारखा, हवेतलं पाणी ओढतो. पावसाळी हवा आणि खोली दमट. चकती दाबून बाहेर काढली तर ती धुरकटलेली, कडेला पाणी सुटलेलं. यंत्रात घातली तर कागदावर डोंगर नाही, दरी नाही, नुसती जाड काळी पट्टी. ती चकती त्याने वाळवून पाहिली, परत दाबून पाहिली, तिचा चुरा झाला. "मी शेजारीच होते," वहिनी म्हणाल्या. "तो खाली बसून फरशीवरचा चुरा बोटाने गोळा करत होता."

"मग तो कागद?" मी म्हटलं. "बैठकीतला? एवढा लांब?"

"तो एका कारखान्याच्या टाल्कम पावडरीचा होता. कार्डांना भोकं मीच पाडली होती." आणि वहिनी हसायला लागल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या, आणि मला कळेना की मी कशात सामील व्हावं. म्हणजे माझं लग्न पावडरीच्या कागदावर लागलं! जो माणूस ओट्यावर बसून सांगायचा की लबाडी चालत नाही, त्याने भर बैठकीत... मी म्हटलं, वहिनी, मग लग्न लागल्यावर तरी सांगायचं मला. त्या म्हणाल्या, "सांगणार होता. आधी म्हणाला, लग्न होऊ दे. मग म्हणाला, तिला दिवस गेलेत. मग म्हणाला, तिच्या सासूबाई आहेत तोवर नको. मी एकदा फारच चिडून म्हटलं, तू आयुष्यभर बहिणीशी खोटं बोललास. तर म्हणाला, खोटं नव्हतं ते. फक्त तपासलेलं नव्हतं."

भोरच्या एस.टी.त बसले आणि तेच एक वाक्य डोक्यात घोळवत राहिले. त्याची खात्री होती, असं धरलं तर तो खरं बोलला. खात्री नव्हती असं धरलं, तर त्याने माझं कपाळ केवळ आपला शब्द राखण्यासाठी जन्मभर मोकळं ठेवलं. मला राग आला, तो कात्रजपर्यंत टिकला. मग वाटलं, फरशीवरचा चुरा बोटाने गोळा करणारा माणूस, त्याच्यावर काय रागवायचं? कापूरहोळला गाडी थांबली तोवर पुन्हा राग आला होता. एकाच माणसावर एकाच प्रवासात इतक्यांदा रागवायची आणि राग सोडायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

घरी हे, म्हणजे दाराशी उकिडवा बसलेला तो मुलगा, आता गुडघ्यांनी बेजार, खुर्चीत बसून रेडिओ खोलत होते. मी सगळं सांगितलं. मनात भीती होती. काही झालं तरी फसवणूक ती फसवणूक. ह्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "पावडरीचा व्हता व्हय? मला वाटलं रेल्वेचा गिल्वेचा असंल."

"म्हणजे?"

"आमचा बाप कागदाकडं बघत व्हता. मी तुझ्या भावाकडं बघत व्हतो. श्रावणातली गार हवा, समदी माणसं घोंगडी पांघरून बसल्यात, अन् ह्याच्या कपाळावरनं घामाच्या धारा लागल्यात. कागदावर टपकत व्हत्या. खोटं बोलायची सवय नव्हती गड्याला." ह्यांनी रेडिओचा एक स्क्रू शोधला. "म्हटलं, जिच्यापायी असला माणूस असलं खोटं बोलतो, ती पोरगी न्यायला हरकत न्हाई."

"आणि कोड असतं तर?"

"असतं तर असतं."

एवढी वर्षं मी ज्या शब्दावर संसार उभा आहे असं समजत होते, त्यावर तो उभाच नव्हता. मग ते पथ्य कशासाठी? वाट्यांना कुंकू कशासाठी? मी तसं विचारलं तर हे म्हणाले, "मग लाव की आता. कोण नको म्हणतंय? डाग वाढला तर तुझा भाऊ खरा, न्हाई वाढला तर खोटा. निकाल लागंल." गॅरेजातल्या माणसाला सगळं सोपं दिसतं. चालू करून बघायचं.

गेल्या शुक्रवारी शेजारच्या इमारतीत नव्याने राहायला आलेली एक मुलगी हळदी-कुंकवाचं तबक घेऊन दारात आली. तिने हळदीचं बोट लावलं, मग कुंकवात बोट बुडवलं आणि माझ्या कपाळाजवळ आणलं. अशा वेळी म्हणायचं माझं एक वाक्य ठरलेलं आहे. ते मी इतक्या दारांत, इतक्या लग्नांत म्हटलं आहे की ते तोंडातून आपोआप येतं. या वेळी मला ते थांबवता आलं असतं. तिचं बोट अगदी जवळ होतं, हे आतून बघत होते, आणि निकाल लागायला फक्त मी गप्प राहायला हवं होतं.

"मला कुंकू चालत नाही गं," मी म्हटलं. "माझ्या भावाने मशीनमध्ये तपासलंय."

ती म्हणाली, "हो का, काकू? मग राहू दे," आणि तिने हात मागे घेतला. मी दार लावलं आणि पदराने कपाळ पुसलं. घामाने ते ओलंचिंब झालं होतं.